माल्टाच्या शेळ्या

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर, व्हॅलेटा नगरातील चढउतारांच्या आणि पायऱ्यांच्या गल्ल्यांतून रोज सकाळी शेळ्यांचे कळप हिंडत असत. कास जवळजवळ जमिनीला टेकलेली, गळ्यात घंटा, मागे हातात काठी घेतलेला मेंढपाळ, असे ते दृश्य होते. घरोघरच्या स्त्रिया भांडे घेऊन दारात येत आणि मेंढपाळ त्यांच्या डोळ्यांदेखत धार काढून देई. दुधात पाणी घातल्याची शंका नको, शिळेपणाचे भय नको. महाराष्ट्रातील जुन्या शहरांतून दारात म्हैस आणून दूध देणारे गवळी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या व्यवहारामागील मन सहज उमगेल. जे आपल्यासमोर निघाले ते शुद्ध, असा हा विश्वास होता. शेळ्याही धष्टपुष्ट होत्या. त्यांना ताप नसे, खाण्यावरची वासना उडालेली नसे, अंगावर कोठे व्रण नसे. या शेळ्यांच्या दुधात एका दीर्घ आणि जर्जर करणाऱ्या ज्वराचे बीज आहे, असे कोणी त्या काळी म्हटले असते, तर त्याची गणना वेड्यांत झाली असती.

माल्टा हे बेट लहान. शेजारची बेटे धरूनही त्याचे क्षेत्रफळ अवघे ३१६ चौरस किलोमीटर भरते. पण जिब्राल्टर आणि सुएझ यांच्या मध्यावर त्याचे स्थान असल्यामुळे ब्रिटिश साम्राज्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व फार मोठे होते. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर हिंदुस्थानकडे येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांचा तो एक मोठा थांबा झाला. बेटावर पलटणी होत्या, बंदरात आरमार होते आणि या सैन्याला एका विचित्र तापाने ग्रासले होते. ताप चढे, काही दिवस राही, हळूहळू उतरे. रोगी बरा झाला असे वाटावे, तोच पुन्हा चढे. रात्री घामाने अंथरूण भिजे. सांधे आणि कंबर धरत असे, मन खिन्न होत असे. मृत्यूचे प्रमाण मोठे नव्हते. शंभरात दोनांच्या आसपास रोगी दगावत. परंतु जे वाचत, ते महिनोन्‌महिने रुग्णालयात पडून राहत आणि पुढे कित्येक वर्षे पूर्ववत होत नसत. दरवर्षी शेकडो सैनिक असे निकामी होत. या तापाला जो तो आपल्या बंदराचे नाव देई. माल्टात तो माल्टा ज्वर, नेपल्समध्ये नेपल्सचा ज्वर, जिब्राल्टरात खडकाचा ज्वर. मार्स्टन नावाच्या एका लष्करी शल्यवैद्याला स्वतःलाच हा ताप आला आणि १८६० च्या सुमारास त्याने त्याचे पहिले नेटके वर्णन लिहिले. पुढे १८९७ साली ह्यूज या दुसऱ्या लष्करी डॉक्टराने तापाच्या त्या चढउताराला अनुसरून त्याला तरंगज्वर असे नाव दिले.

डेव्हिड ब्रूस हा तरुण लष्करी डॉक्टर १८८४ साली माल्टात येऊन दाखल झाला. तो काळ जंतुशास्त्राच्या उदयाचा होता. रॉबर्ट कॉखने १८७६ साली काळपुळीचा जंतू वेगळा करून, विशिष्ट जंतूमुळे विशिष्ट रोग होतो हे सिद्ध केले होते. हा पहिला मोठा पुरावा ज्या रोगाने दिला, तो गुरामेंढरांचाच रोग होता आणि लोकर व कातडे हाताळणाऱ्या माणसांनाही तो जडत असे. १८८२ साली कॉखने क्षयाचा जंतू शोधला. या वातावरणात ब्रूसला माल्टाच्या तापाचे मूळ शोधण्याची ओढ लागली. त्याची पत्नी मेरी ही या कामात त्याची खरीखुरी सहकारी होती. १८८७ साली त्याने तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतील अंश पोषक माध्यमावर वाढवून त्यातून एक अतिसूक्ष्म, गोलसर जंतू मिळवला. तो माकडांना टोचल्यावर त्यांनाही तसाच ताप आला. माल्टाच्या प्राचीन नावावरून या जंतूला मेलिटेन्सिस हे नाव मिळाले.

रोगाचे कारण सापडले म्हणजे रोगाचा निम्मा पराभव झाला, असे मानण्याची प्रवृत्ती सर्वत्र असते. माल्टाचा अनुभव वेगळा आहे. जंतू सापडल्यावरही पुढील अठरा वर्षे हा ताप पूर्वीसारखाच चालू राहिला, कारण जंतू माणसाच्या शरीरात येतो कोठून, याचा पत्ता लागला नव्हता. कोणी बंदरातील घाण पाण्याला दोष दिला, कोणी बराकींच्या गटारांना, कोणी धुळीला. १८९७ साली सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉसला डासाच्या शरीरात हिवतापाचे परोपजीवी सापडले, तेव्हा माल्टातही डासांवर संशय गेला. गटारे बांधली, बराकी धुतल्या, ताप हटला नाही. विचार करणाऱ्याला दोन गोष्टी खटकायला हव्या होत्या. साध्या शिपायापेक्षा अधिकाऱ्यांत या तापाचे प्रमाण अधिक होते. दुसरे असे की, दुसऱ्याच एखाद्या दुखण्यासाठी रुग्णालयात आलेल्या माणसाला तेथे राहत असता हा ताप जडत असे. अधिकाऱ्याच्या मेजावर दूध अधिक असे आणि रोग्याला तर शक्ती यावी म्हणून दूध मुद्दाम दिले जाई. पण दूध हे पथ्य होते, पथ्यावर संशय कोण घेणार?

या शोधाला लागणारे हत्यार दरम्यान तयार झाले होते. १८९७ साली आल्मरॉथ राइट आणि त्याचे सहकारी यांनी दाखवून दिले की, ज्याला माल्टा ज्वर झाला आहे अशा माणसाच्या रक्तातील द्रव जंतूंच्या मिश्रणात घातला, तर विखुरलेले जंतू एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या तळाशी बसतात. यामुळे जंतू प्रत्यक्ष न वाढवताही केवळ रक्ताच्या काही थेंबांवरून रोगाची साक्ष मिळू लागली. ही परीक्षा माणसासाठी योजलेली होती. ती जनावरावर करून पाहण्याची कल्पना सुचायला आणखी आठ वर्षे जावी लागली.

१९०४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या देखरेखीखाली ब्रूसच्या अध्यक्षतेने एक आयोग माल्टात काम करू लागला. त्यात लष्कराचे आणि आरमाराचे डॉक्टर होतेच. त्यांच्याबरोबर थेमिस्टॉक्लीस झामिट नावाचा बेटावरचाच एक डॉक्टर होता. हा गृहस्थ मोठा बहुश्रुत होता. पुढे माल्टातील प्रागैतिहासिक मंदिरांचे उत्खनन करून त्याने पुरातत्त्वातही कीर्ती मिळवली. आयोगाने पाणी, धूळ, डास, गटारे, रोग्यांशी निकटचा सहवास या सर्वांची पद्धतशीर छाननी केली. शेळीचाही विचार झाला. पण जंतू टोचूनही शेळी आजारी दिसत नाही, तेव्हा तिला हा रोग होत नसावा, असे प्रथम वाटले. १९०५ च्या जून महिन्यात झामिटने काही शेळ्यांच्या रक्ताची तीच गुठळ्यांची परीक्षा केली. ज्यांना कोणी जंतू टोचले नव्हते, त्या शेळ्यांच्या रक्तानेही जंतूंच्या गुठळ्या बांधल्या. लवकरच त्यांच्या रक्तात आणि दुधात प्रत्यक्ष जंतू मिळाले. बेटावरील कळपांची तपासणी केली, तेव्हा जवळजवळ निम्म्या शेळ्यांच्या रक्तात रोगाची खूण आढळली आणि सुमारे दहांतील एक शेळी आपल्या दुधातून जिवंत जंतू बाहेर टाकत होती. ही शेळी निरोगी दिसत होती, भरपूर दूध देत होती आणि तेच दूध रुग्णालयात रोग्याच्या तोंडी जात होते.

जणू या शोधाची परीक्षा घेण्यासाठीच त्याच वर्षी एक घटना घडली. माल्टाच्या शेळ्या दुधाळ म्हणून प्रसिद्ध होत्या. अमेरिकेच्या शेतकी खात्याने आपल्या देशात त्यांची पैदास करावी म्हणून साठाहून अधिक शेळ्या विकत घेतल्या आणि १९०५ च्या ऑगस्टमध्ये जोशुआ निकल्सन नावाच्या जहाजावर चढवल्या. प्रवास लांबचा होता. खलाशांना ताजे दूध आयतेच मिळाले आणि त्यांनी ते मनसोक्त प्यायले. काही आठवड्यांनी कच्चे दूध पिणाऱ्यांपैकी बहुतेकांना तरंगज्वराने गाठले. जहाजावर माल्टाची गटारे नव्हती, बराकी नव्हत्या, बंदराची हवा नव्हती. माल्टातून बरोबर आल्या होत्या त्या शेळ्या. ज्यांच्या मनात शंका उरली होती, त्यांची शंका या जहाजाने फेडली.

१९०६ साली सैन्याच्या आणि आरमाराच्या आहारातून शेळीचे कच्चे दूध काढून टाकण्यात आले. त्याऐवजी डब्यातील आटवलेले दूध आले. याचा परिणाम इतक्या झपाट्याने झाला की, वैद्यकाच्या इतिहासात त्याला तोड क्वचितच सापडेल. जेथे वर्षाला शेकडो सैनिक या तापाने पडत, तेथे दोन वर्षांत ही संख्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. औषध सापडले नव्हते, लस निघाली नव्हती, गटारे होती तशीच होती. एक हुकूम सुटला, कोठाराच्या यादीतील एक जिन्नस बदलला आणि एक रोग छावणीतून निघून गेला.

माल्टाची कथा पुष्कळदा येथेच संपवली जाते. वस्तुतः तिचा विचार करण्यासारखा भाग येथून पुढे सुरू होतो. छावणीच्या भिंतीबाहेर सुमारे दोन लाख माल्टावासी राहत होते. त्यांच्यासाठी कोठार नव्हते आणि हुकूमही नव्हता. शेळ्यांचे कळप पूर्वीप्रमाणेच पायऱ्या चढत राहिले, स्त्रिया दारात भांडी घेऊन उभ्या राहत राहिल्या आणि नागरिकांच्या घरांतील ताप चालू राहिला. शोध लावणारा झामिट याच लोकांतला होता. त्याला मानसन्मान मिळाले. तो विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि १९३० साली त्याला सर ही पदवी मिळाली. १९३५ साली तो वारला, तेव्हाही व्हॅलेटाच्या रस्त्यांवर शेळ्या फिरतच होत्या. दुधाचे पाश्चरीकरण करणारे सरकारी केंद्र माल्टात १९३८ साली उभे राहिले. शेळीच्या दुधातील दोष कळल्यापासून या दिवसापर्यंत तेहतीस वर्षे लोटली होती. त्यानंतर महायुद्ध आले आणि बेटाला वेढा पडला. कच्च्या दुधाच्या विक्रीवरील बंदी संपूर्ण बेटावर लागू व्हायला आणखी पुष्कळ वर्षे जावी लागली. इतके होऊनही १९९५ साली माल्टात हा ताप पुन्हा उद्भवला आणि शंभराहून अधिक माणसे आजारी पडली. त्यावेळी दोष कच्च्या दुधापासून केलेल्या चीजचा होता.

तेहतीस वर्षांचा हा विलंब अज्ञानाने घडला नाही. जे कळायचे होते ते १९०५ सालीच कळले होते. विलंबाची कारणे प्रशासनाच्या आणि समाजाच्या पोटात होती. माल्टाची भूमी खडकाळ, तेथे गाई पोसण्यापुरती कुरणे नाहीत; शेळी हेच गरिबाचे दुभते. निम्म्या शेळ्या मारायच्या म्हटल्या, तर हजारो कुटुंबांच्या पोटावर पाय येणार होता आणि भरपाई कोणी द्यायची याचे उत्तर नव्हते. दूध तापवून प्या असे सांगितले, तर तापवलेल्या दुधाची चव आणि कस जातो, असे उत्तर मिळे. बाटलीतील दूध कोणी, कधी, कोठे काढले ते दिसत नाही; दारातल्या शेळीचे दूध डोळ्यांपुढे निघते. दृश्य खात्री आणि अदृश्य धोका यांच्या या झगड्यात लोकांनी दृश्य खात्रीची बाजू घेतली, यात नवल नाही. सैनिकाला आज्ञा देता येते. नागरिकाला ती देऊन भागत नाही. त्याला पटवावे लागते, पर्याय द्यावा लागतो आणि ज्याचे नुकसान होणार त्याचा हात धरावा लागतो. या तिन्ही गोष्टींना पैसा आणि चिकाटी लागते. छावणीसाठी ती लवकर मिळाली, गावासाठी उशिरा.

या रोगाच्या इतिहासात आणखी एक विलंब आहे आणि तो विद्वानांच्या दालनातला आहे. माल्टात हे चालू असताना उत्तरेकडे डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बांग नावाचा पशुवैद्यकीय संशोधक गाईंच्या एका जुन्या दुखण्याच्या मागे लागला होता. गोठ्यातील एक गाय गाभडली की पाठोपाठ दुसऱ्या गाभडत आणि त्यांची वार अडकून राही. १८९७ साली बांगने या सांसर्गिक गर्भपाताचा जंतू शोधल्याचे प्रसिद्ध केले. माल्टाचा जंतू गोलसर मानलेला, बांगचा दंडाकृती मानलेला. एक माणसाच्या तापाचा, दुसरा गाईच्या गर्भपाताचा. एक डॉक्टरांच्या ग्रंथात, दुसरा पशुवैद्यांच्या. वीस वर्षे हे दोन जंतू दोन वेगळ्या फडताळांत राहिले. ते एकत्र मांडून पाहावेत, असे कोणालाही वाटले नाही.

ते काम एका स्त्रीने केले. अॅलिस इव्हान्स ही अमेरिकेच्या शेतकी खात्याच्या दुग्ध विभागात जंतुशास्त्राचे काम करीत होती. निरोगी दिसणाऱ्या गाईंच्या दुधातही बांगचा जंतू असतो, हे तिच्या लक्षात आले होते. तिने माल्टाचा जंतू आणि बांगचा जंतू शेजारी शेजारी वाढवून त्यांची तुलना केली, तेव्हा दोघे इतके सारखे निघाले की, त्यांना वेगळे म्हणणे कठीण व्हावे. १९१८ साली तिचा निबंध प्रसिद्ध झाला. शेळीचे दूध जर माणसाला ज्वर देते, तर गाईचे कच्चे दूधही का देणार नाही, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. त्याचे स्वागत अविश्वासाने झाले. जंतू जर इतके सारखे असते, तर एवढ्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांना ते आधीच दिसले नसते काय, असा आक्षेप घेण्यात आला. इव्हान्सकडे डॉक्टरेट नव्हती, ती स्त्री होती आणि तिचा विषय दूध होता; या तीनही गोष्टी त्या आक्षेपामागे उभ्या होत्या. पुढे इतरांच्या प्रयोगांनी तिचे म्हणणे खरे ठरवले आणि १९२० साली या सर्व जंतूंना ब्रूसच्या नावावरून ब्रुसेला हे कुलनाम सुचवण्यात आले. १९२२ साली प्रयोगशाळेत काम करताना या जंतूंनी इव्हान्सला स्वतःलाच गाठले. त्यानंतर पुष्कळ वर्षे ती मधून मधून अंथरुणाला खिळत असे. तिचे दुखणे शरीराचे नसून मनाचे आहे, असेही काही डॉक्टरांनी ठरवले. १९२८ साली अमेरिकेतील जंतुशास्त्रज्ञांच्या संस्थेची ती पहिली स्त्री अध्यक्ष झाली.

या शोधांवरून प्रतिबंधाचे तीन उपाय निघाले आणि आजही ते तीनच आहेत. पहिला उपाय उष्णतेचा. दूध ६३ अंश सेल्सियसला अर्धा तास किंवा ७२ अंशाला पंधरा सेकंद ठेवले, तर ब्रुसेलाचे जंतू मरतात. घरी दूध उकळले तरी तेच साधते. दुसरा उपाय रोगी जनावरे शोधून कळपातून दूर करण्याचा. तिसरा उपाय लसीचा. १९२३ साली अमेरिकेत गाईच्या दुधातून मिळालेला या जंतूचा एक वाण पुढे मवाळ झालेला आढळला. स्ट्रेन १९ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वाणाची लस लहान कालवडींना एकदा टोचली की, त्यांना दीर्घकाळ संरक्षण मिळते. माणसासाठी सर्वमान्य अशी लस मात्र आजवर झालेली नाही. माणसाला रोग झालाच, तर एकाहून अधिक प्रतिजैविके सुमारे सहा आठवडे घ्यावी लागतात आणि ती मध्येच सोडली, तर ताप परत येतो.

भारताचा या इतिहासाशी संबंध काय, असा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. हिंदुस्थानात जनावरांच्या रोगांच्या संशोधनाचा आरंभ महाराष्ट्रात झाला. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले आणि १८८९ साली पुण्यात एक सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली. १८९३ साली ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे हलवण्यात आली आणि तिच्यातूनच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था वाढली. त्या प्रयोगशाळेपुढचा मोठा शत्रू होता बुळकांडी. हा विषाणूचा रोग माणसाला होत नसे. पण तो आला की, गावची गुरे आठवड्याभरात आडवी होत. अनेक दशकांच्या लसीकरणानंतर २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ साली सारे जग. हे यश फार मोठे आहे. परंतु बुळकांडी हा आरडाओरडा करणारा शत्रू होता. त्याच्याविरुद्ध शेतकरी आपणहून लस मागे. ब्रुसेला हा मुक्याने वावरणारा शत्रू आहे. गाय एकदा गाभडते, पुढच्या वेळी कदाचित नीट विते, दूध देते, निरोगी दिसते. मालकाला वाटते, वाईट वेळ होती, टळली.

दुधाच्या बाबतीत भारतीय घराने स्वतःचे रक्षण नकळत केले आहे. दूध घरात आले की ते चुलीवर चढवायचे, साय धरेपर्यंत तापवायचे, हा रिवाज पाश्चरच्या पूर्वीचा आहे. वासराच्या जन्मानंतरच्या चिकाचा खरवससुद्धा वाफेवर शिजवूनच केला जातो. शेळ्यांचे कच्चे दूध पिणाऱ्या माल्टावर जी वेळ आली, ती त्याच स्वरूपात आपल्यावर न येण्याचे एक मोठे कारण हे आहे. तथापि या रिवाजाला एक अपवाद आहे आणि त्याचे आपल्याकडे कौतुक होते. धारोष्ण दूध बलवर्धक, असा समज अजून पुष्कळांच्या मनात आहे. तालमीतल्या मुलाला, अशक्त माणसाला निरसे दूध आवर्जून दिले जाते. सडातून येणारी धार कोमट असते. जंतू मारण्याइतकी ती उष्ण नसते, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे.

भारतातील खरा धोका पेल्यापेक्षा गोठ्यात अधिक आहे. गाय किंवा शेळी गाभडते, तेव्हा त्या गर्भात, वारेत आणि पाण्यात जंतूंची संख्या अगणित असते. अडलेल्या जनावराची सुटका मालक आपल्या उघड्या हातांनी करतो. अडकलेली वार ओढून काढणारा पशुवैद्य, गोठा झाडणारी गृहिणी, कोकरू छातीशी धरून तोंडाने त्याचे नाक साफ करणारा धनगर, खाटीकखान्यातील कामगार, या सर्वांच्या हातावरच्या लहानशा खरचटीतून किंवा डोळ्यांतून जंतूला वाट मिळते. मेलेला गर्भ उकिरड्यावर टाकला, तर कुत्री तो ओढत दुसऱ्याच्या अंगणात नेतात. त्यानंतर काही आठवड्यांनी त्या घरातील माणसाला ताप येतो, घाम सुटतो, कंबर धरते. तो डॉक्टरकडे जातो. हिवताप समजून औषध होते, मग विषमज्वर समजून, कधी क्षय समजून. सांध्यांचे दुखणे म्हणून तेल चोळले जाते. या सगळ्या वाटेवर त्याला एक प्रश्न क्वचितच विचारला जातो: घरी जनावरे आहेत काय आणि त्यांपैकी एखादे अलीकडे गाभडले काय?

प्रतिबंधाचा दुसरा उपाय, म्हणजे रोगी जनावरे काढून टाकणे, डेन्मार्क आणि अमेरिका यांसारख्या देशांनी भरपाई देऊन अमलात आणला. भारतात गोवंशाच्या बाबतीत तो मार्ग भावनेने आणि कायद्यानेही बव्हंशी बंद आहे. लहान शेतकऱ्याजवळ दोन-तीनच जनावरे असतात. त्यांतील एक वारंवार गाभडते असे दिसले की, तो तिला आठवड्याच्या बाजारात विकतो. त्याने दुसरे काय करावे? आपले नुकसान तो कमी करतो. पण रोग त्या दाव्याबरोबर दुसऱ्या गावात जातो. म्हणून आपल्याकडे मुख्य भिस्त लसीवर ठेवावी लागते. २००९ साली जनावरांच्या सांसर्गिक रोगांची वर्दी देणे बंधनकारक करणारा कायदा झाला. २०१९ साली लाळ्या खुरकूत आणि ब्रुसेला या दोन रोगांविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम आखण्यात आला. त्यात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्या यांना ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदा टोचण्याची योजना आहे. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात चार महिन्यांची ती खिडकी प्रत्येक वासरासाठी एकदाच उघडते. कालवड आठ महिन्यांची होण्याआधी लस गावात पोहोचावी लागते, ती थंड राहावी लागते, टोचलेल्या वासराच्या कानात खूण अडकवून तिची नोंद व्हावी लागते. लसीतील जंतू मवाळ असले तरी जिवंत असतात. सुई चुकून स्वतःच्या बोटात गेली, तर टोचणाऱ्यालाच रोग होऊ शकतो. गावोगाव फिरणाऱ्या लसटोचकाला हातमोजे आणि डोळ्यांवरचा चष्मा मिळणे ही या योजनेतील बारीकशी बाब नाही.

मागे वळून पाहिले, तर या रोगाच्या इतिहासातील प्रत्येक पाऊल कुंपण ओलांडणाऱ्याने टाकले आहे. माणसांची परीक्षा झामिटने शेळीवर केली. दुधाची तज्ज्ञ असलेल्या इव्हान्सने माणसाचा ज्वर तपासला. जेथे कुंपण शाबूत राहिले, तेथे अठरा, वीस, तेहतीस अशी वर्षे वाया गेली आणि ती वर्षे माणसांनी अंथरुणावर काढली. आपल्या तालुक्यांतून हे कुंपण अद्याप उभे आहे. जनावरांच्या दवाखान्यात एक नोंदवही असते; तीत अमक्या वस्तीवर गाय गाभडल्याची नोंद होते. काही अंतरावर आरोग्य केंद्रात दुसरी नोंदवही असते. तीत त्याच वस्तीवरील माणसाच्या न हटणाऱ्या तापाची नोंद होते. दोन्ही नोंदी खऱ्या असतात, दोन्ही वेळेवर लिहिलेल्या असतात आणि दोन्ही वह्या आपापल्या खात्याच्या कपाटात जातात. महिन्यातून एकदा या दोन वह्या एका मेजावर उघडल्या जाव्यात, यासाठी नवा शोध लागण्याची वाट पाहावी लागत नाही.

आणि ज्या घरी जनावर गाभडले आहे, तेथे तर वहीचीही गरज नाही. उघड्या हाताने त्या गर्भाला आणि वारेला शिवू नये. खोल खड्डा खणून, चुना टाकून ते पुरावे. जागा धुवावी, हात साबणाने धुवावेत, गाभण स्त्रीला आणि मुलांना गोठ्यापासून काही दिवस दूर ठेवावे, दूध उकळल्याशिवाय तोंडी लावू नये आणि पशुवैद्याला बोलवावे. त्यानंतर घरात कोणाला ताप आला, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता त्यांना गोठ्यात काय घडले ते आपण होऊन सांगावे. व्हॅलेटाच्या गल्लीतील त्या स्त्रीला शेळीकडे पाहून काहीच कळणे शक्य नव्हते. आज आपल्याला ते कळते.